आकडा कुणाच्या वहीतला?

इंटरनेटवरच्या लेखाखाली अनेकदा एक छोटा आकडा दिसतो. हा लेख इतक्या जणांनी पुढे पाठवला, असं तो सांगतो. हा आकडा येतो कुठून?

असं पान तयार करण्याचं काम बऱ्याच ठिकाणी पीएचपी ही संगणकभाषा करते. गंमत अशी, की तिचा जन्मच मोजदादीतून झाला. रासमुस लेरडॉर्फ यांनी स्वतःची माहिती इंटरनेटवर ठेवली होती. ती किती जण पाहतात हे कळावं म्हणून लिहिलेली साधनं त्यांनी १९९५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. मात्र तिथे मोजणारा आपल्याच दारात बसलेला होता.

शेअरचं तसं नाही. लेख पाठवला जातो फेसबुकवर, म्हणजे नोंद होते फेसबुकच्या वहीत. आपली पीएचपी लेखाचा पत्ता घेऊन त्यांच्या दारी जाते, 'किती?' विचारते आणि मिळालेलं उत्तर पानावर मांडते. प्रत्येक वाचकामागे असा हेलपाटा घातला तर पान उघडायला वेळ लागतो. म्हणून जाणकार मंडळी उत्तर तासभर जपून ठेवतात. दार उघडलंच नाही, तर जुना आकडा दाखवतात, शून्य नव्हे.

आणि दारं बंद होतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये ट्विटरने हा आकडा देणं थांबवलं. लोक लेख पाठवतच होते, पण वर्षानुवर्षांची मोजणी पानांवरून पुसली गेली. २०१९ मध्ये गूगल प्लसच बंद झालं.

मग आकडा हवाच कशाला? २००६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १४ हजारांहून अधिक लोकांपुढे अपरिचित कलावंतांची ४८ गाणी ठेवली होती. काही गटांना प्रत्येक गाणं किती जणांनी उतरवून घेतलं ते दिसत होतं, एका गटाला नाही. आकडा दिसला तिथे पुढची गाणी आणखी पुढे गेली, मागची आणखी मागे पडली. शिवाय कुठलं गाणं वर जाईल याचा अंदाजही कठीण झाला.

थोडक्यात, आकडा आवड नुसती मोजत नाही, ती घडवतोही. शून्य पाहून वाचक पुढे सरकतो आणि चांगला लेख तिथेच राहतो. तेव्हा श्रोतेहो, आकडा जरूर पाहा, पण लेखाच्या दोन ओळी आधी वाचा.