कुलसंमेलनात बोलायचंय?

सुरतेत उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं पुष्कळ. कुलसंमेलनाचं निमंत्रण आलं, की ‘तुमच्या शाखेवर दोन शब्द बोला’ असा आग्रह होतोच. तेव्हा पूर्वजांचे पराक्रम जरा आवरा; ते सगळ्यांकडेच असतात! त्याऐवजी पुरावे न्या: शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, जुना फेरफार. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनाव सांगितलं, की यात्रेला आलेल्या पणजोबांची नोंद सापडू शकते; जुनी असेल तर बहुधा मोडी लिपीत. गुजरातेत अशा वंशावळी वहीवंचा बारोट राखतात. लेकी-सुनांची नावंही वंशावळीत घाला. भाषण दहा मिनिटांत आटपा आणि पंगतीत थोरल्या आत्याबाईंशेजारी वही घेऊन बसा.