लग्नमंडपांतील भिंग

लग्नाचीं छायाचित्रें काढण्याचा व्यवसाय नव्यानें सुरू करणाऱ्या तरुणाला पहिला प्रश्न पडतो तो सामानाचा. कोणता कॅमेरा घ्यावा, कोणतीं भिंगें घ्यावींत, आणि हातीं असलेले पैसे कोणत्या क्रमानें खर्च करावेत? दुकानाच्या काउंटरपुढें उभें राहून ह्याचें उत्तर सांपडत नाहीं. तें मंडपांत सांपडतें. म्हणून श्रोत्यांना मी प्रथम नागपूरच्या सदर भागांत घेऊन जातों.

सदर बाजार हें नांव इंग्रजी अमदानींतील छावणीच्या मुख्य बाजाराचें. शेजारच्या वस्तीला छावणी असें अजूनही म्हणतात. अशा वस्तींत नाना धर्मांचीं माणसें येऊन राहतात, तशीं तीं येथेंही आलीं. ऑल सेंट्स आणि सेंट फ्रान्सिस डी सेल्स हीं दोन्ही कॅथेड्रलें सदरमध्येंच आहेत. येथें पाटी लावणाऱ्या छायाचित्रकाराला एकाच हंगामांत चार तऱ्हांच्या लग्नांचें बोलावणें येऊं शकतें, आणि प्रत्येक लग्नाचा उजेड निराळा असतो.

चर्चमध्यें वधूवर अंगठ्या बदलतात तेव्हां छायाचित्रकाराला बहुधा दूर, बाकांच्या कडेला उभें राहावें लागतें. प्रार्थनेच्या वेळीं फ्लॅशचा लखलखाट शोभत नाहीं, आणि पुष्कळ धर्मगुरु तो चालूं देतही नाहींत. निकाहच्या वेळीं नवरदेव, काझी व साक्षीदार एकीकडे आणि वधू स्त्रियांच्या दालनांत, अशी व्यवस्था अनेक घरांत असते. तेथें कोणतेंही भिंग पुरुषाला आंत नेऊं शकत नाहीं, सहकारी स्त्रीच हवी. ह्याच नागपुरांत १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर रूढ झालेल्या बौद्ध विवाहविधींत वधूवरांचीं वस्त्रें पुष्कळदां शुभ्र असतात. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक शुभ्र रंगाला भुलतो. समोर फार उजेड आहे असें समजून तो चित्र काळवंडून टाकतो आणि पांढरी साडी राखेच्या रंगाची होते. येथें महागड्या भिंगाचें कामच नाहीं. मापकानें सांगितल्याहून प्रकाश साधारणतः एक पायरी अधिक द्यावयाचा, एवढें ठाऊक असलें कीं झालें.

हिंदु लग्नांत तर सारा दिवस एका क्षणासाठीं मांडलेला असतो. मंगलाष्टकें संपतात, अंतरपाट बाजूला होतो, अक्षतांचा वर्षाव होतो, वाजंत्री वाजूं लागते आणि वधूवर एकमेकांकडे पाहतात. हें सारें एक-दोन सेकंदांत आटोपतें. मुहूर्त गोरज असला तर सूर्य मावळलेला, मांडवांतले दिवे पिंवळे, पलीकडचे हिरवे-जांभळे, आणि पन्नास पाहुणे मोबाइल उंच धरून मध्यें उभे. ‘पुन्हा एकदां अंतरपाट धरा’ असें भटजींना सांगतां येत नाहीं.

माझें म्हणणें असें कीं, सामानाची निवड ह्या क्षणावरून करावी. दुपारीं बारा वाजतां अंगणांत बसलेल्या वऱ्हाडाचें चित्र कोणतेंही यंत्र काढील. त्यासाठीं कर्ज काढण्याचें कारण नाहीं. कॅमेऱ्याबरोबर मिळणारें १८ ते ५५ मिलिमीटरचें भिंग, ज्याला धंद्यांत किट लेन्स म्हणतात, लांबच्या टोकाला बहुधा एफ ५.६ एवढेंच उघडतें. एफ १.८ पर्यंत उघडणारें भिंग त्याच्या जवळजवळ दसपट प्रकाश आंत घेतें. ह्या मोजणींत आंकडा जेवढा लहान तेवढें भिंगाचें तोंड मोठें, हें नवशिक्यानें ध्यानांत ठेवावें. दसपट प्रकाश म्हणजे १/२५ सेकंदाला जें चित्र हललें असतें तें १/२५० सेकंदाला स्थिर येणें.

ही युक्ति आजची नव्हे. व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झवालनें १८४० सालीं केवळ माणसांच्या चित्रांसाठीं सुमारें एफ ३.६ चें भिंग योजिलें, आणि तोंवर मिनिटें मोजीत निश्चल बसणाऱ्या माणसाची बरीच सुटका झाली. कॅमेऱ्याची पेटी तीच राहिली. बदललें तें भिंग. आजच्या तरुणानेंही पैसे प्रथम भिंगावर घालावेत व कॅमेऱ्यावर मागाहून.

मग कोणतीं भिंगें? मी ३५ आणि ८५ मिलिमीटरचीं, दोन्ही एफ १.८ चीं, सुचवितों. पहिल्यानें मांडव, विधि आणि माणसांची गर्दी; दुसऱ्यानें चेहरे. हें पूर्ण आकाराच्या सेन्सरबद्दल झालें. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांत दृष्टिक्षेत्र सुमारें दीडपट आखडतें, म्हणून तेथें साधारण २४ व ५० मिलिमीटरचीं भिंगें हेंच काम करतात; आणि ५० मिलिमीटरचें एफ १.८ भिंग बहुतेक कंपन्यांच्या यादींत सर्वांत स्वस्त भिंगांपैकीं असतें, ही नवशिक्याची मोठीच सोय आहे. २४ ते ७० मिलिमीटरचें एफ २.८ चें झूम भिंग ह्या धंद्यांतील मुख्य भिंग म्हणून प्रसिद्ध आहे, व ती प्रसिद्धि खोटी नाहीं. पण तें दुसऱ्या-तिसऱ्या हंगामांत स्वतःच्या कमाईंतून घ्यावें. चर्चमध्यें दुरून काम करावयाचें असतां ७० ते २०० चें भिंग लागतें. तें त्या दिवसापुरतें भाड्यानें आणावें.

मोठ्या तोंडाच्या भिंगाला एक खोड असते. ८५ मिलिमीटरचें भिंग एफ १.८ ला उघडून दोन मीटरांवरील वधूचें चित्र घेतलें, तर सुमारें ६ सेंटिमीटर खोलीच काय ती स्पष्ट येते. नथ व डोळे स्पष्ट, कानांतील झुबे अस्पष्ट. आणि नवरदेव अर्धें पाऊल मागें असला तर तोही अस्पष्ट. जोडप्याचें चित्र घेतांना तोंड एफ ४ पर्यंत मिटावें. उलट, फार रुंद भिंगाचा मोह धरूं नये. २४ मिलिमीटरच्या चित्रांत कडेला उभ्या असलेल्या मावशी आहेत त्याहून बऱ्याच रुंद दिसतात, आणि हें त्या विसरत नाहींत.

फ्लॅशविषयीं पुस्तकांत सांगितलेलें असतें कीं, तो छताकडे वळवावा म्हणजे प्रकाश मऊ होऊन खालीं येतो. छत पांढरें व बेताच्या उंचीचें असेल तर हें खरें. नागपुरांत मात्र लग्नें पुष्कळदां उघड्या लॉनवर होतात. तेथें वर आकाश, आणि आकाशावरून कांहींच परत येत नाहीं. कापडी मांडव असला तर लाल कापडावरून लाल प्रकाश चेहऱ्यावर उतरतो. म्हणून लहानशी पांढरी छत्री व तिच्यासह स्टँडवर ठेवतां येणारा दुसरा फ्लॅश, एवढें स्वतःचें छत बरोबर असावें. शिवाय आपल्याकडील विजेचा प्रवाह ५० आवर्तनांचा असल्यामुळें हलक्या प्रतीचे एल.ई.डी. दिवे सेकंदाला १०० वेळां लुकलुकतात. डोळ्यांना तें कळत नाहीं, पण वेगवान शटरला कळतें आणि चित्रावर काळे पट्टे उमटतात. अशा वेळीं शटर १/१०० वर आणून पाहावें.

आतां पैशाची गोष्ट. सदरमधील एका तरुणानें मला आपली यादी दाखविली होती: वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेंतून एक अत्यंत महाग कॅमेरा व तीन भिंगें. यादींत दुसरा कॅमेरा नव्हता. मीं त्याला विचारलें, हा कॅमेरा अंतरपाटाच्या वेळीं बंद पडला तर? त्यानें यादी फाडली नाहीं, पण दोन साधे कॅमेरे घेतले. लग्नाच्या कामाला दोन यंत्रें हवींतच, मग एक जुनें, वापरलेलें असलें तरी चालेल. ज्यांत दोन कार्डें बसतात आणि प्रत्येक चित्र एकाच वेळीं दोन्हींवर लिहिलें जातें, असा कॅमेरा मिळत असेल तर जास्त पैसे त्यासाठीं द्यावेत. घरीं आल्यावर झोपण्यापूर्वीं चित्रें दोन निरनिराळ्या डिस्कांवर उतरवावींत, व त्यांतील एक दुसऱ्या घरीं ठेवावी.

हा खर्च पाहुण्यांना दिसत नाहीं, म्हणून नवशिक्याला तो नकोसा वाटतो. पण लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत घरांत कोणी वारलें, कीं घरचीं माणसें वधूवरांचीं चित्रें बाजूला सारून त्या आजोबांचें किंवा त्या आत्याचें चित्र शोधूं लागतात. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचें शेवटचें चांगलें चित्र नातवंडाच्या लग्नांतलें असतें. तें स्टेजवर मिळत नाहीं. तिसऱ्या रांगेंत, खुर्चीवर काठी टेकून बसलेल्या माणसाजवळ जावें, फ्लॅश न उडवितां ३५ च्या भिंगानें त्याचें हसणें टिपावें. मोठ्या भिंगाचें धूड घेऊन गेल्यास म्हातारीं माणसें पदर आणि टोपी सारखी करून ताठ बसतात, आणि चित्र तेथेंच संपतें.

राहिली हवा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेंत वापराची मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिलेली असते. नागपुरांत मे महिन्यांत ४५ अंश ही नवलाची गोष्ट नव्हे. २३ मे २०१३ रोजीं येथें ४७.९ अंश नोंदले गेले. बंद मोटारींत सामान ठेवूं नये, कॅमेऱ्यावर पांढरें ओलसर नव्हे, कोरडें फडकें टाकावें, आणि दोन्ही कॅमेरे आळीपाळीनें वापरावेत.

उन्हाळ्याहून मला पावसाळ्याची भीति अधिक वाटते. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत हिंदु घरांत लग्नें बहुधा होत नाहींत. बॅग कपाटांत पडून राहते, आणि हवेंतील ओल नेमकी त्याच महिन्यांत वाढलेली असते. तुळशीच्या लग्नानंतर बॅग उघडावी तों भिंगाच्या आंतल्या बाजूस कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरलेली दिसते. भिंगें चामड्याच्या पिशवींत न ठेवतां घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेल घालून ठेवावींत, आणि त्याचे दाणे ओल धरूं लागले कीं तापवून पुन्हा कोरडे करावेत. आठ-पंधरा दिवसांनीं भिंग बाहेर काढून वापरावें. पाऊस नसेल त्या संध्याकाळीं, दिवे लागण्याच्या सुमारास, सदरच्या रस्त्यावर उभें राहून चालत्या माणसांचीं चित्रें १/२५० सेकंदानें घेऊन पाहावींत. त्या वेळचा उजेड गोरज मुहूर्ताचाच असतो.