ऐकू येतं, पण कळत नाही

एका सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात मी श्रवणचाचणी घेते. बाहेर बाकावर बसलेल्या बऱ्याच जणांचं एकच म्हणणं असतं, "ताई, आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत." घरचे म्हणतात, "लक्षच देत नाहीत." हे ऐकून मला फार वाईट वाटतं.

रुग्णाला आवाजबंद खोलीत बसवून हेडफोन लावते, हातात बटण देते. कितीही बारीक आवाज आला तरी दाबायचं. बऱ्या कानापासून सुरुवात करते. बटण दाबलं की आवाज 10 डेसिबलने उतरवायचा, नाही दाबलं की 5 ने चढवायचा. 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंत एकेका स्वराची पातळी अशी शोधून आलेखावर मांडायची. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. स्वर ठरावीक तालात दिले तर माणूस अंदाजानेच बटण दाबतो, म्हणून मधे कधी जास्त थांबते, कधी कमी.

यंत्रमागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या आलेखात बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. खालचे स्वर शाबूत असतात, म्हणून हाक ऐकू येते. पण 'स', 'श' यांसारख्या अक्षरांची ओळख वरच्या स्वरांवरूनच पटते, आणि नेमके तेच हरवलेले असतात. आलेख दाखवून मी घरच्यांना सांगते, हे लक्ष न देणं नव्हे. आतल्या कानाच्या ज्या नाजूक पेशी गोंगाटाने मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो उशिरा आणलेल्या मुलांसाठी. "याचा काकाही उशिरा बोलला होता," असं म्हणत वर्षं जातात. थाळी वाजवली की बाळ वळतं, म्हणून घरचे निश्चिंत असतात. पण थाळीचा आवाज मोठा, आईचं बोलणं हळू. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं वेळापत्रक पाळायला हवं. ही प्राथमिक तपासणी झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून होते. दुखत नाही, थोड्या वेळात आटोपते.

येताना बाळाला पाजून, झोपेला आलेलं आणा. आणि कानात तेल घालू नका; आजी रागावल्या तरी.