अंगठ्याची जागा



मला दिलेला विषय आहे ‘शाळेने मला काय दिलं’. मी बोलणार आहे पॉलिश पेपरबद्दल. कंटाळा आला तर मागच्या बाकांवरून खाणाखुणा करा, पूर्वी करायचात तशाच.

दोन वर्षांपूर्वी आपल्यातला एक जण गेला. नाव घेत नाही. गॅदरिंगला बास गिटार कोण वाजवायचं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या बायकोचा फोन आला. “लेकीला बाबाचा बास शिकायचाय, पण हात अडकतो म्हणते. दुकानदार म्हणतो, नेकच बदला. तुला जमेल का काही?” मी माझ्या गिटारवर हा उद्योग केलेला होता. हो म्हणून बसले.

नेक म्हणजे सतारीची दांडी असते तसा भाग. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला, त्याची नेक स्क्रूंनी जोडलेली होती. आपल्या मित्राचा बास त्याच घडणीचा. तारा सैल करून काढल्या, मागचे चार स्क्रू काढले, की नेक हातात येते. बॉडीपासून वेगळी केली की पिकअपच्या लोहचुंबकाला स्टील वूलचा चुरा चिकटण्याची भीती राहत नाही.

मागची बाजू मेपलची, वर काचेसारखं चकचकीत फिनिश. पावसाळी हवेत आणि घामात असं फिनिश तळव्याला चिकटतं. त्यात तिसऱ्या ते पाचव्या फ्रेटच्या मागे फिनिशचे टवके उडून उघडं लाकूड दिसत होतं. वर्षानुवर्षांच्या घामाने ते काळपट झालेलं. टवक्यांच्या कडा धारदार होत्या. मुलीचा अंगठा तिथेच अडत होता.

माझी पहिली चूक घाईची. १२० नंबरचा पेपर घेतला आणि आडवे हात मारले. बॉडीत बसणाऱ्या टोकाशी ओरखडे उठले. तेव्हा कार्यानुभवाच्या तासाला पेन स्टँड घासताना सर ओरडायचे ते आठवलं: “रेघेच्या दिशेने घास गं, मांजरासारखी ओरबाडू नकोस!” सर, तुम्ही समोर बसला आहात, म्हणून कबूल करते. ते ओरखडे अजून आहेत. कॉम्प्युटरवर चुकलेलं मागे घेता येतं. घासून गेलेलं लाकूड परत येत नाही.

मग शिस्तीत बसले. फ्रेटबोर्डच्या कडांना मास्किंग टेप लावली, तोंडाला मास्क बांधला. आधी ३२० ने टवक्यांच्या कडा उतरत्या केल्या, मग ४००, मग ६००, सगळं लांबीच्या दिशेने. नंबर वाढतो तसा पेपर बारीक होतो, आणि मधली पायरी गाळली की आधीचे चरे राहून जातात. बाकीचं फिनिश काढलं नाही. बारीक स्टील वूलने त्याची फक्त चमक मारली. चिकटपणा जायला तेवढं पुरतं.

राहिला तो काळा डाग. तो काढायचा तर लाकूड खोलवर घासावं लागणार, नेक तिथे बारीक होणार. आणि खरं सांगते, तो डाग म्हणजे त्याचाच हात होता. पण बास आता मुलीचा आहे. माझ्या हळवेपणासाठी तिने डाग का वागवावा? म्हणून तिलाच बोलावलं. विचारलं, “काढू का हा?”

तिने नेक हातात घेतली. अंगठा वर-खाली फिरवला आणि त्या उथळ जागी थांबवला. म्हणाली, “मावशी, इथे बरोबर बसतो. राहू दे.”

मग उघड्या लाकडावर हार्डवेअरच्या दुकानातलं बॉइल्ड लिन्सीड ऑइल, म्हणजे जवसाचं तेल, फडक्याने पातळ लावलं. पंधरा मिनिटांनी पुसून घेतलं. दिवसभर वाळू दिलं, पुन्हा लावलं, असे चार हात दिले. कोणी करणार असाल तर एक लक्षात ठेवा: या तेलाचं फडकं चुरगळून टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकं पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

नेक बसवली, नव्या तारा चढवल्या. डाग आहे तिथेच आहे, फक्त आता बोचत नाही.

शाळेने काय दिलं, तर घासायचं कसं हे दिलं. कुठे थांबायचं, ते मला नववीतल्या मुलीने शिकवलं.

ती आज आली आहे, आईच्या शेजारी बसली आहे. चहानंतर ती वाजवणार आहे. तेव्हा कृपा करून कोणी लवकर निघू नका.