अंथरुणाला खिळलेल्यांचीं हाडें

हाड म्हणजे देहांतला दगड, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु जिवंत हाड सतत मोडलें जात असतें आणि सतत बांधलें जात असतें. देहाचा भार त्यावर पडत असेल तोंवर हा हिशोब जुळतो. भार संपला कीं मोडतोड वाढते व बांधकाम रेंगाळतें. भाराप्रमाणें हाड घडतें, हा सिद्धांत जर्मन शल्यवैद्य यूलियस वोल्फ यानें १८९२ सालींच मांडला होता.

१९४१ सालीं बोस्टनच्या फुलर आल्ब्राइट या वैद्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. अस्थिभंगामुळें तो निश्चल पडून होता आणि त्याच्या रक्तांत कॅल्शियम फार वाढलें होतें. अशा वेळीं संशय जातो तो गळ्यांतील पॅराथायरॉइड ग्रंथींवर; हाडांतून कॅल्शियम काढविणारा अंतःस्राव त्यांचाच. पण येथें चोर निराळा होता. नुसत्या निजून राहण्यानें हाडें झिजत होतीं.

उलट, अशा वेळीं या बिचाऱ्या ग्रंथी आपला स्राव आवरताच घेतात. त्यामुळें मूत्रपिंडांत ‘ड’ जीवनसत्त्वाचें कार्यक्षम रूप कमी बनतें आणि आंतडीं अन्नांतील कॅल्शियम नीट शोषीत नाहींत. रोग्याला दुधाचे पेल्यावर पेले पाजणाऱ्या मायेच्या माणसांना हें ठाऊक नसतें. हाडांतून सुटलेलें कॅल्शियम मूत्रावाटे जातें व मुतखड्याची भीति वाढते ती वेगळीच. शिवाय भार नाहींसा झाला कीं हाडांत रुतलेल्या पेशी स्क्लेरोस्टिन नांवाचें द्रव्य अधिक सोडतात. तें बांधणाऱ्या पेशींचे हात धरून ठेवतें.

सर्वांत अधिक धोका वृद्ध स्त्रियांना. ऋतुनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हा अंतःस्राव ओसरतो, आणि मोडणाऱ्या पेशींना असलेला त्याचा लगाम सुटतो. आधींच पोकळ झालेलें हाड, त्यांत खुब्याचा अस्थिभंग, आणि वर घरच्यांचा आग्रह, ‘आजी, मुळींच हलूं नका!’ संधिवातासाठीं दीर्घकाळ कॉर्टिसोनच्या जातीचीं औषधें चालूं असलीं तर झीज आणखीच वाढते, कारण तीं बांधकामच दडपतात.

अंतराळवीर तरुण आणि धडधाकट असतात; तरी भारविहीन अवस्थेंत त्यांच्या खुब्याचें हाड महिन्याला शेंकडा १ ते १॥ इतकें घटूं शकतें, म्हणून तेथें त्यांना रोज व्यायाम करावा लागतो. इकडे खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर, प्रकृति साथ देत असेल तर, रोग्याला दुसऱ्याच दिवशीं आधार देऊन उभें करतात. कांहीं आठवड्यांत गेलेलें हाड परत यावयास महिनेच्या महिने लागतात. उतारवयांत तें पुरतें येतच नाहीं.