जाड्याभरड्या लोकरीची मेंढी



आपले कनेरगाव हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे. एका अंगाला मराठवाडा, दुसऱ्या अंगाला वऱ्हाड. सुगी उलगडली की नाक्यावरून मेंढ्यांचे कळप जाताना आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांत काळी, अंगभर लोकर वागवणारी, बेताच्या बांध्याची एक मेंढी असे. ती दख्खनी मेंढी. कळप आजही दिसतात. परंतु त्यांत ती अस्सल काळी मेंढी शोधावी लागते, म्हणून आज आम्ही तिच्याविषयी बोलणार आहोत.

तिच्या लोकरीला जाडीभरडी म्हणून नाक मुरडण्याची रीत आहे. मेरिनोचा तंतू वीसएक मायक्रॉनचा, तर दख्खनीचा त्याच्या दुपटीहून जाड, आणि त्यातले पुष्कळ तंतू आतून पोकळ. त्याचा स्वेटर केला तर अंगाला खाज सुटेल, हे कबूल. पण गालिच्याला असलाच तंतू लागतो. पाय पडला की दबतो, पाय उचलला की पुन्हा उभा राहतो. मऊ लोकरीचा गालिचा वर्षभरात चपटा होईल! घोंगडीचेही तेच. पिंजून, हाताने कातून, मागावर विणून वर चिंचोक्याची खळ दिली की तिच्यावरून पावसाचे पाणी बराच वेळ निथळते, आणि भिजली तरी ती ऊब सोडीत नाही. रंगाचा खर्च नाही, काळेपण मेंढीचेच.

आता हिशेब पाहू. वर्षातून दोनदा कातरणी करून एका मेंढीची लोकर मिळते जेमतेम अर्धा किलो. दोन-अडीच किलोंच्या घोंगडीला चार-पाच मेंढ्यांची वर्षाची लोकर लागते. पूर्वी सनगर ती लोकर घेई. पुढे पानिपतची, चिंध्यांच्या सुताची स्वस्त ब्लँकेटे आठवडी बाजारात आली आणि सनगरांचे माग थंडावले. आज कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून जड होते. मग लोकर उकिरड्यावर जाते.

मग धनगराने काय करावे? त्याने जत तालुक्यातल्या माडग्याळचा नर कळपात आणला. या जातीचे कोकरू झपाट्याने वाढते आणि अंगावर लोकर नावालाच. मटणाला भाव आहे, तेव्हा त्याचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. फलटणच्या निंबकर संस्थेनेही बंगालच्या गारोळ मेंढीचा गुण दख्खनीत आणून जुळी कोकरे मिळवली, तीही मांसासाठीच. दख्खनीला रोगाने किंवा दुष्काळाने हटवलेले नाही. तिच्या लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही, एवढेच घडले.

तथापि लोकर गेली की तिच्याबरोबर दुसरेही काही जाते. मैलोगणिक चालणे, उन्हाळ्यातल्या वाळल्या पाल्यावर निभावणे, हे गुण याच रक्तात मुरले आहेत. शेतात मेंढ्या बसवून खत घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना चालणारी मेंढीच हवी. गोठ्यात बांधलेली मेंढी रानोरान खत कशी देणार?

अस्सल काळे नर राखणारे कळप अजून थोडे आहेत. कातरणीपूर्वी मेंढ्या ओढ्यावर धुवाव्या, काळी लोकर पांढरीत मिसळू नये, जावळाची मऊ लोकर निराळी ठेवावी, काटेकुसळे वेचावी. अशी निवडलेली लोकर गालिचेवाल्यापुढे ठेवता येते. गोणीत कोंबलेला गोळा कोणी उचलीत नाही. नर राखण्याचे काम धनगराचे, पण गोणीभर लोकर रास्त भावाने घेऊन साठवणारी एखादी सहकारी मंडळी उभारणे बाजारपेठेतल्या आपल्यासारख्यांच्या हातचे आहे. येत्या कातरणीपूर्वी त्याची बैठक घ्यावी, असे आम्हांस वाटते.