वशिला नको, सोबत हवी
(गणेशोत्सवातील व्याख्यानात मांडलेले विचार)



गणरायाला वंदन करून आम्ही आपल्यासमोर उभे आहोत. आम्ही कोणी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. पदविका घेऊन सरकारी नोकरीत आलेली आम्ही साधी माणसे. पण वाळपईतल्या कितीतरी मराठी घरांतून आज कोणी कॉलेजात शिकवतो, कोणी विद्यापीठाच्या कार्यालयात आहे, कोणी प्रयोगशाळेत तर कोणी ग्रंथालयात. म्हणून विषय घेतला आहे तो असा : नोकरी लागल्यानंतर माणसाला पुढचे कोण शिकवते?

नोकरी लागेपर्यंत सगळे घर पाठीशी असते. नेमणुकीचा कागद हाती आला, देवाला नारळ ठेवला, पेढे वाटले की आपण निश्चिंत होतो. खरे तर पुढची तीस वर्षे तेव्हा सुरू होतात.

गोवा मुक्त झाल्यावर १९६२ साली इथे पहिली महाविद्यालये निघाली, ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली. गोवा विद्यापीठ सुरू झाले १ जून १९८५ रोजी. आता साखळीला सरकारी महाविद्यालय आहे, पेडण्यात विर्नोड्याला आहे. आपल्या मुलांसाठी शिक्षण जवळ आले. पण तिथे शिकवणाऱ्याने आणि काम करणाऱ्याने वर कसे चढायचे, ही माहिती अजून पणजी आणि ताळगावच्या पठारावरच घुटमळते. जो तिथे ऊठबस करतो त्याला ती आधी कळते.

उदाहरण घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे नव्या सहायक प्राध्यापकाला पुढच्या श्रेणीत जायला पीएच.डी. असेल तर ४ वर्षे लागतात, एम.फिल. असेल तर ५ आणि दोन्ही नसतील तर ६. त्यासाठी २१ दिवसांचा अभिमुखता वर्ग करावा लागतो, वर्षावर्षाच्या कामाची नोंद ठेवावी लागते. हे नियम छापलेले आहेत, गुप्त काही नाही. पण कोणता कागद आज जपून ठेवायचा, हे पहिल्या वर्षी कोणी सांगितले नाही तर मुदत भरल्यावर शोधाशोध सुरू होते.

कार्यालयातल्या माणसांचे आणखी कठीण. लिपिक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालयातले कर्मचारी यांची बढती जागा रिकामी होण्यावर. बढती न मिळाल्यास १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वेतनश्रेणी वाढवून देण्याची योजना केंद्रीय नियमांत आहे. त्यासाठी सेवापुस्तिका आणि गोपनीय अहवाल नीट असावे लागतात. आपली सेवापुस्तिका मागून पाहता येते, एवढेही पुष्कळांना निवृत्तीच्या उंबरठ्यावर कळते.

अशा वेळी आपल्याकडे माणूस काय करतो? ओळख शोधतो. ‘कोणाला तरी सांगून बघ’ हा आपला जुना सल्ला. आमचे म्हणणे आहे की जी माहिती सगळ्यांच्या हक्काची आहे, तिच्यासाठी वशिला लागू नये. ती शेजारच्या खुर्चीवरून मिळावी.

या सोबतीचा अभ्यास झालेला आहे. १९८५ साली, म्हणजे आपले विद्यापीठ सुरू झाले त्याच वर्षी, अमेरिकेत कॅथी क्रॅम आणि लिन इझाबेला या दोन अभ्यासकांनी बरोबरीच्या सहकाऱ्यांवर एक लेख लिहिला. त्यांना तीन प्रकारचे सोबती दिसले. एक फक्त माहिती देणारा. दुसरा कामाविषयी स्पष्ट मत देणारा. तिसरा, ज्याच्याजवळ मनातली भीतीही बोलता येते असा. वरिष्ठ बदलून जातो, पण बरोबरीचा माणूस वर्षानुवर्षे सोबत राहू शकतो आणि त्यात देणे-घेणे दोन्ही बाजूंनी होते, हे त्यांनी दाखवले.

आपल्या देशातही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय मिशनची तरतूद आहे. ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापकांनी, त्यात भारतीय भाषांतून शिकवू शकणाऱ्यांनीही, कॉलेजातल्या शिक्षकांना साथ द्यावी अशी ती कल्पना. चांगली आहे. पण त्या तरतुदीत बोलणे शिक्षकांचे आहे. कार्यालयातल्या माणसाचा विचार आपणच करायला हवा.

हे आपल्याला नवे नाही. चवथीला आरतीत घुमट वाजवायला मुलगा कुठे शिकतो? दोन-चार वर्षांनी मोठ्या असलेल्या मुलाच्या बाजूला बसून. शामेळवाल्याकडे बघतो, चुकला तर कोपराने खूण होते, पुढच्या आरतीत हात बसतो. नोकरीतही असेच व्हावे.

मंडळापुढे आमची सूचना साधी आहे. इच्छुकांच्या जोड्या लावाव्यात. दोघांच्या नोकरीत चार-पाच वर्षांचे अंतर असावे, फार नको. जो आपला गोपनीय अहवाल लिहितो तो जोडीत नसावा, नाहीतर तोंड उघडत नाही. महिन्यातून एक तास ठरलेला असावा आणि प्रत्येक वेळी एकच काम हाती घ्यावे : अर्ज, टिपणी, शोधनिबंधाचा आराखडा किंवा सेवापुस्तिकेची तपासणी. जुन्याने टिपणी लिहायला शिकवावी, नव्याने संगणकावरची फाईल. तिथे बोललेले तिथेच राहावे. वर्षाने जोडी बदलायची असेल तर कोणी मनाला लावून घेऊ नये. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या भगिनी आणि सत्तरीच्या आतल्या गावांतून येणारी मुले यांना आधी जागा द्यावी, कारण कार्यालय सुटल्यावरच्या गप्पांना थांबणे त्यांना जमत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. सोबतीने रिकाम्या जागा भरत नाहीत. तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटावर राबणाऱ्या आपल्या मुलामुलींना ती कायम करू शकत नाही. तो प्रश्न शासनाचा आहे आणि तो तिथेच मागितला पाहिजे. पण जाहिरात निघेल त्या दिवशी त्यांचे अनुभवाचे दाखले, प्रमाणपत्रे आणि निबंध तयार असावेत, एवढे आपल्या हातात आहे.

पुढच्या चतुर्थीपर्यंत अशा पाच जोड्या जरी वर्षभर टिकल्या तरी मंडळाने खूप मिळवले असे आम्ही म्हणू. ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी आरतीनंतर कार्यवाहांना भेटावे.

गणपती बाप्पा मोरया!